चिंचोळ्या दर्यावरचे डाव: तह, जकात, जिराफ आणि तोफगोळे

मिरी, रेशीम, घोडे, धान्य, खारवलेले मासे. मध्ययुगात हा माल जहाजांतून निघाला की कुठे ना कुठे दोन किनाऱ्यांच्या चिमटीत सापडायचाच. बॉस्फरस, जिब्राल्टर, ओरेसुंड, बाब-अल-मंदेब, होर्मुझ, मलाक्का या त्या चिमट्या. अशा जागी ज्याचा किल्ला, त्याची चांदी, असं वाटणं साहजिक आहे. पण इतिहास उघडून पाहिला की वेगळंच दिसतं. जहाज अडवायला तोफ पुरते. तेच जहाज दरवर्षी आपल्या बंदरात यावं म्हणून मात्र तह करावे लागतात, सवलती द्याव्या लागतात आणि दिलेला शब्द पाळावा लागतो. ज्यांना हे उमगलं ते श्रीमंत झाले. ज्यांना नाही उमगलं त्यांच्या दारावरून जहाजं पुढे निघून गेली. त्या चढाओढीतले हे बारा भन्नाट किस्से.

१. संजाणचा कारभारी मुहम्मद

सुरुवात घरापासून. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, इ. स. ९२६चा ताम्रपट सापडला. संजाण मंडळाचा कारभार तेव्हा मधुमती सुगतिप नावाचा ताजिक, म्हणजे पश्चिमेकडून आलेला मुसलमान अधिकारी पाहत होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. त्याने आसपासच्या बंदरांचे प्रमुख आपल्या आधीच्या स्वामीसाठी, इंद्राच्या आधीच्या राजा कृष्णासाठी जिंकले आणि तिथे आपली माणसं बसवली, असं ताम्रपट सांगतो. नुसती सत्ता गाजवून तो थांबला नाही. पाण्यावर त्याने फुकट तर सुरू केली आणि भात, कालवण, तूप वाढणारं अन्नछत्र घातलं. ज्यांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागतात त्यांच्याच माणसाला बंदराचा कारभार देणं, ही हजारेक वर्षांपूर्वीची शहाणी राजनीती होती.

२. विहार बांधला आपल्या गावात, फौज गेली त्यांच्या गावात

मलाक्काच्या सामुद्रधुनीवर कित्येक शतकं सुमात्रातल्या श्रीविजय राज्याचं वर्चस्व होतं. त्याचे राजे दानधर्मातून मैत्री जोडण्यात तरबेज. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदाला विहार बांधला आणि त्याच्या खर्चासाठी पाल राजा देवपालाने पाच गावं लावून दिली. पुढे चोळांच्या नागपट्टणम बंदरात श्रीविजयच्याच राजाने चूडामणी विहार उभारला. राजराज चोळाने त्याला आनैमंगलम गाव दिलं आणि मुलगा राजेंद्र याने ते दान ताम्रपटावर कोरून पक्कं केलं.

त्याच राजेंद्राने १०२५मध्ये बंगालच्या उपसागरापार आरमार पाठवून श्रीविजयची बंदरं लुटली आणि तिथला राजा संग्राम विजयोत्तुंगवर्मा याला पकडलं! चीनच्या बाजारात थेट पोहोचायची चोळांची धडपड होती. १०१५मध्ये त्यांचे दूत सोंग दरबारात जाऊन आले होते, पुढे १०३३ आणि १०७७मध्येही गेले. मधल्या वाटेवर बसलेला दलाल त्यांना नको होता. तरीही वैर कायमचं राहिलं नाही. १०९०च्या सुमारास कडारमच्या, म्हणजे श्रीविजयच्या राजाचे वकील कुलोत्तुंग चोळाकडे आले आणि त्याच नागपट्टणमच्या विहाराला करमाफी मिळवून परत गेले.

३. मदत घेतली, जकात गेली

काळा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्या मधोमध कॉन्स्टँटिनोपल. नॉर्मन चालून आले तेव्हा बायझंटाईन सम्राट पहिला अलेक्सिओस याला जहाजं हवी होती. ती व्हेनिसने दिली. बदल्यात १०८२च्या सुमारास सम्राटाने सोनेरी मोहरेची सनद दिली आणि साम्राज्याच्या बंदरांत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली. हा सौदा फार महागात पडला. साम्राज्याच्या स्वतःच्या व्यापाऱ्यांना जकात, परक्यांना माफी! हळूहळू व्यापार परक्यांकडे सरकला. ११७१मध्ये सम्राट मानुएलने साम्राज्यभरातले व्हेनिसकर एकाच दिवशी कैद केले, मालमत्ता जप्त केली. व्हेनिस ते विसरलं नाही. १२०४मध्ये व्हेनिसच्याच जहाजांतून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं.

४. जहाजं लागलीच नाहीत, किंमत मात्र चुकवावी लागली

धर्मयोद्ध्यांनी बळकावलेली राजधानी परत घ्यायची म्हणून बायझंटाईन सम्राट मायकेल पालायोलोगोसने मार्च १२६१मध्ये व्हेनिसच्या हाडवैऱ्याशी, जेनोआशी तह केला. जेनोआने आरमार द्यायचं आणि त्याबदल्यात व्यापाराच्या तशाच सवलती घ्यायच्या. चारच महिन्यांनी, २५ जुलैला, त्याच्या सेनापतीने मोजक्या फौजेनिशी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. शहराचं रक्षण करणारं व्हेनिसचं आरमार नेमकं काळ्या समुद्रातल्या एका बेटावर चाल करून गेलं होतं. जेनोआच्या जहाजांची गरजच पडली नाही, पण तहावर सही झालेली होती! जेनोआकरांनी समोरच्या गलाटा वस्तीत बस्तान बसवलं. पुढचं शतक अर्ध्यावर आलं तेव्हा गलाटाची वार्षिक जकात दोन लाख सुवर्णनाणी होती आणि सम्राटाच्या पदरात पडत होती जेमतेम तीस हजार, असं तेव्हाच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे.

५. इजिप्तच्या फौजेची नाडी बॉस्फरसच्या हाती

मध्ययुगातला सर्वांत अनपेक्षित करार हा असावा. इजिप्तचे ममलूक सुलतान आपल्या फौजेसाठी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे किपचाक तरुण गुलाम म्हणून विकत घेत. १२६०मध्ये ऐन जालूतला मंगोलांना हरवणारी फौज अशाच शिपायांची होती आणि सुलतान बैबर्स स्वतःच कधीकाळी बाजारात विकला गेलेला किपचाक होता. नवे शिपाई आणायची वाट बॉस्फरसमधून जाई. तिच्यावर बसलेला ख्रिस्ती सम्राट मायकेल मंगोलांशीही सोयरीक ठेवून होता. त्याने ममलूकांशी मैत्री केली आणि १२८१मध्ये सुलतान कलावूनशी झालेल्या तहात गुलामांच्या जहाजांना वाट मोकळी ठेवायचं कबूल केलं. धर्म वेगळा, मित्रपक्ष वेगळे, तरी तह झाला, कारण सम्राटाला धास्ती होती ती सिसिलीच्या राजाची, अंजूच्या चार्ल्सची. या तहाने राज्यं तगली, पण जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या त्या तरुणांना कुणी विचारलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

६. तारिफा: मित्राने घेतला, मित्रालाच दिला नाही

जिब्राल्टरची सामुद्रधुनी तारिफापाशी अवघी १४ किलोमीटर रुंद. मोरोक्कोचे मरिनी सुलतान इथूनच स्पेनमध्ये फौजा उतरवत. १२९२मध्ये कॅस्टिलचा राजा चौथा सांचो याने ग्रॅनाडाच्या मुसलमान सुलतानाच्या मदतीने तारिफा घेतला. जिंकल्यावर गाव ग्रॅनाडाला मिळेल अशी सुलतानाची अपेक्षा होती. सांचोने ते स्वतःकडेच ठेवलं. चिडलेला ग्रॅनाडा लगेच मरिनींच्या गोटात गेला आणि १२९४मध्ये दोघांनी मिळून तारिफाला वेढा घातला. वेढा घालणाऱ्यांत सांचोचा सख्खा भाऊ हुआनही होता! किल्लेदार गुझमानच्या मुलाला ओलीस धरून किल्ला मागितला, तेव्हा त्याने तटावरून आपलाच खंजीर खाली फेकला, ही कथा स्पेनमध्ये आजही सांगतात. किल्ला पडला नाही.

७. उंटांच्या पाठीवरून आलेलं आरमार

लाल समुद्राची वाट मुसलमान सत्तांनी परक्यांना बंद ठेवली होती. मक्केची यात्रा आणि मिरीचा व्यापार दोन्ही त्याच पाण्यातून. ११८२च्या अखेरीस करकचा धर्मयोद्धा सरदार शातियाँचा रेनॉल्ड याने जहाजांचे सुटे भाग उंटांवर लादून अकाबाच्या आखातापर्यंत नेले, तिथे जोडले आणि समुद्रात लोटले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ऐधाब बंदरावर धाड पडली, व्यापारी आणि यात्रेकरूंची जहाजं जळाली. इजिप्तचा सुलतान सलाउद्दीन याच्या भावाने, अल-आदिलने, तोच डाव उलटवला. आरमारप्रमुख लुलूनेही आपली जहाजं जमिनीवरून लाल समुद्रात आणली आणि ११८३ साल उजाडल्यावर थोड्याच काळात धाडखोरांचा निकाल लावला. प्रवासी इब्न जुबैर त्या वर्षी अलेक्झांड्रियाला उतरला, तेव्हा उंटांवर उलटं तोंड करून बसवलेल्या कैद्यांची वरात त्याने डोळ्यांनी पाहिली.

८. एडनला वाचवलं व्यापाऱ्याच्या जहाजांनी

११३५च्या सुमारास इराणच्या आखातातल्या कैस बेटाच्या सत्ताधीशाने एडनकडे आरमार पाठवून बंदराचा हिस्सा मागितला. एडनकरांनी नकार दिला. मग कैसची जहाजं बंदरासमोर नांगर टाकून बसली, येणारी-जाणारी गलबतं टिपू लागली. सुमारे दोन महिने दोन्ही बाजू एकमेकांकडे डोळे वटारून होत्या. अखेर सिराफचा धनाढ्य व्यापारी रामिश्त याची दोन मोठी जहाजं आली. एडनच्या शिपायांनी त्यांवर चढून वेढा मोडला. ही हकिकत कळते ती कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांतून. रामिश्त किती श्रीमंत, तर काबागृहाला त्याने चिनी रेशमाचं आवरण चढवलं होतं!

९. कालिकतच्या नाखुदाने बाब-अल-मंदेब ओलांडली

पुढे एडनवर येमेनच्या रसूली सुलतानांची सत्ता आली. भारताच्या किनाऱ्यावर त्यांचा मोठा मान. १३९३मध्ये कालिकतच्या काझीने शुक्रवारच्या खुतब्यात त्यांचं नाव घेण्याची परवानगी मागितली होती. पण नंतरच्या सुलतानांनी व्यापाऱ्यांना पिळायला सुरुवात केली. १४२२मध्ये कालिकतचा नाखुदा इब्राहिम एडनला न थांबता सरळ बाब-अल-मंदेब पार करून लाल समुद्रात शिरला. एक-दोन बंदरांत वाईट अनुभव आले, पण १४२४च्या सुमारास जेद्दाला ममलूक अंमलदारांनी त्याचं चांगलं स्वागत केलं. बातमी किनारोकिनारी पोहोचली. दोनेक वर्षांत चाळीसहून अधिक जहाजं एडन सोडून जेद्दाला लागली. लढाई नाही, वेढा नाही. फक्त जहाजांनी नांगर टाकला नाही आणि एडनची तिजोरी ओसरू लागली.

धडा मात्र ममलूकांनीही घेतला नाही. सुलतान बर्सबेने १४२०च्या दशकाच्या शेवटी मिरीचा व्यापार सरकारी मक्तेदारीत ओढला आणि भाव चढवले. युरोपातल्या मिरीच्या गिऱ्हाइकांना दुसरी वाट हवीशी वाटू लागली, त्यात असल्या मक्तेदारीचाही हात होता.

१०. पाणी नाही, झाड नाही, तरी सोन्याचं बेट

होर्मुझचे राजे मूळचे मुख्य भूमीवरचे. १३००च्या सुमारास धाडींना कंटाळून ते जवळच्या जरून बेटावर गेले. तिथे मीठ भरपूर, गोडं पाणी जवळपास नाहीच. पाणी होडीने, भाजी होडीने. अशा खडकावर आशियातलं एक श्रीमंत बंदर उभं राहिलं, कारण इथल्या राजांनी किनाऱ्यावर जो बलवान असेल त्याला खंडणी देऊन व्यापार शांत ठेवला. इथूनच दख्खनच्या फौजांना लागणारे अरबी-इराणी घोडे जहाजांत चढत. तैमूरवंशीय शाहरुखचा वकील अब्दुर्रझाक १४४२मध्ये इथूनच निघून कालिकतमार्गे विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाच्या दरबारी पोहोचला.

रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी अफानासी निकितीन १४६९च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा जहाजात घालून चौलला उतरला. तिथून जुन्नर. तिथल्या असद खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, म्हणाला. एका खुरासानी सज्जनाच्या रदबदलीने घोडाही सुटला आणि धर्मही राहिला. परतताना त्याने जहाज धरलं ते दाभोळहून. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२मध्ये विजयनगरकडून गोवा घेतलं, त्यामागेही घोड्यांचा हा दर्यामार्ग होता. ज्याच्या बंदरात घोडा उतरे, त्याच्या फौजेला धार येई.

११. जिराफाची वकिली आणि मलाक्काचे चार शाहबंदर

१४००च्या आसपास परमेश्वर नावाच्या राजपुरुषाने मलाक्का वसवलं. वरून सयामचा दबाव, खालून जावाचा. त्याने चीनचा आसरा घेतला. १४०५मध्ये वकील पाठवला आणि १४११मध्ये राणी, राजपुत्र आणि पाचशे चाळीस माणसांचा लवाजमा घेऊन स्वतःच मिंग सम्राट योंगलच्या भेटीला गेला. सम्राटाचा आरमारप्रमुख झेंग हे याने १४०७मध्ये पालेंबांगचा चाचा चेन झूयी पकडून नेला होता आणि मलाक्कात चिनी ताफ्याची कोठारं उभी राहिली होती. सयामला आता विचार करावा लागणार होता.

याच काळात नजराण्यांची चढाओढ कुठवर गेली पाहा. १४१४मध्ये बंगालच्या सुलतानाने योंगलला चक्क जिराफ पाठवला, पुढच्या वर्षी आफ्रिकेतल्या मालिंदीहून आणखी एक आला. चिनी दरबाराने त्याला आपल्या पुराणातला मंगल प्राणी मानून चित्रं काढून घेतली.

मलाक्काने खरी कमाल केली ती बंदराच्या व्यवस्थेत. चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले: एक फक्त गुजरात्यांसाठी, दुसरा तमिळ, बंगाली आणि पेगूच्या व्यापाऱ्यांसाठी, तिसरा जावा आणि मसाल्याच्या बेटांसाठी, चौथा चिन्यांसाठी. आपल्या भाषेत बोलणारा, आपले वाद सोडवणारा अधिकारी धक्क्यावर हजर! पश्चिमेकडच्या मालावर सहा टक्के जकात, पूर्वेकडच्यांना जकात नाही, फक्त नजराणे. व्यापारी तिथे का धाव घेत, हे वेगळं सांगायला नको.

१२. डेन्मार्कचा चारशे वर्षांचा टोलनाका

बाल्टिक समुद्राचं दार म्हणजे ओरेसुंड, अरुंद जागी जेमतेम चार किलोमीटर. १३७०मध्ये हांसा व्यापारी शहरांनी डेन्मार्कला नमवून श्ट्रालसुंडच्या तहात स्कानिया किनाऱ्यावरचे किल्ले पंधरा वर्षांसाठी घेतले आणि तिथल्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटाही. व्यापाऱ्यांनी राजाला नमवण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. डेन्मार्कचा राजा, पोमेरानियाचा एरिक, याने पुढे १४२९मध्ये हेल्सिंगोरला जकात बसवली: दर जहाजामागे एक इंग्लिश सुवर्णनाणं. पुढे मालाच्या किमतीवर जकात आली, तेव्हा एक नामी युक्ती निघाली. किंमत नाखव्यानेच सांगायची, पण त्या किमतीला माल विकत घ्यायचा हक्क राजाचा! खोटं सांगणारा आपोआप गोत्यात. ही जकात १८५७मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाली. हॅम्लेट नाटक घडतं ते हेल्सिंगोर हेच.

झटपट दर्या

- बॉस्फरस अरुंद जागी सुमारे ७०० मीटर. उस्मानी सुलतान दुसऱ्या महंमदाने १४५२मध्ये तिथे रुमेली हिसार चारेक महिन्यांत बांधला. न थांबणारं व्हेनिसचं एक जहाज त्याच वर्षी तोफेने बुडवलं. पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल पडलं.
- गोल्डन हॉर्नच्या तोंडावर लोखंडी साखळी होती. २२ एप्रिल १४५३ला उस्मानी जहाजं टेकडीवरून ओढत आत उतरवली गेली.
- मलाक्काची सामुद्रधुनी सुमारे ८०० किलोमीटर लांब. साऱ्या वाटेवर पहारा ठेवणं अशक्य, म्हणून बंदराची माया महत्त्वाची.
- बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे; ती पुढच्या प्रसंगाची असावी, असं काही अभ्यासक मानतात. कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यादव महादेवाशी लढताना समुद्रात बुडाल्याचा उल्लेख हेमाद्रीच्या लेखनात येतो.

मग आले पोर्तुगीज

अफोन्सो द अल्बुकर्कने चिमट्या हेरल्या आणि एकेक करत घेतल्या: १५१०मध्ये गोवा, १५११मध्ये मलाक्का, १५१५मध्ये होर्मुझ. १५१३मध्ये एडनवर मात्र त्याला माघार घ्यावी लागली. होर्मुझला इराणच्या शाहची माणसं खंडणी मागायला आली, तेव्हा त्याने तोफगोळे पाठवून आमचं नाणं हेच, असं कळवलं, अशी कथा आहे. जुन्या राजांनी सवलतीने जमवलेली वाहतूक त्याने परवान्याने आणि तोफेने बांधायचा प्रयत्न केला. त्याचा परिणाम लगेच दिसला. मलाक्का हाती आलं, पण मुसलमान व्यापारी आचे, जोहोर, बांतेनकडे वळले. एडन हाती न लागल्यामुळे लाल समुद्राची वाट सतराव्या शतकापर्यंत पुन्हा पुन्हा मिरी वाहत राहिली. १६२२मध्ये इराणी फौज आणि इंग्रजी जहाजं यांनी होर्मुझ घेतलं, १६४१मध्ये डचांनी मलाक्का.

निष्कर्ष सरळ आहे. मध्ययुगातल्या यशस्वी राज्यकर्त्यांनी समुद्राची वाट अडवली नाही, ती चालू ठेवली आणि चालू ठेवण्याबद्दल मोबदला घेतला. संजाणचा मधुमती असो की मलाक्काचा परमेश्वर, परक्याला आपल्या बंदरात सुरक्षित वाटायला लावणं हीच त्यांची खरी ताकद होती. आपला किनारा या साऱ्या कहाणीत प्रेक्षक नव्हता, भागीदार होता. चौल, दाभोळ, संजाण, चिंचणी, एकसर ही नावं शाळेच्या इतिहासात बॉस्फरसच्या शेजारी बसायला हवीत. तोवर एक करा: पुढच्या सुट्टीत रेवदंड्याला गेलात, तर किनाऱ्यासोबत निकितीनच्या स्मारकाकडेही मुलांना घेऊन जा आणि होर्मुझहून आलेल्या त्या घोड्याची गोष्ट त्यांना सांगा.